लाल गटातल्या बाई

सकाळी चहा ठेवायला गेलेल्या वैजयंती धामणस्करांना त्यांच्या स्वतःच्या शेगडीने नकार दिला. बटण दाबून पाहिलं, पिळून पाहिलं, शेवटी त्याला दोन शब्द सुनावूनही पाहिले. ज्योत काही येईना. मग ओट्याच्या वरच्या भिंतीतून एक अतिशय लाघवी आवाज आला.

"नमस्कार. आपण आजपासून लाल गटात आहात. आपल्या सुरक्षेसाठी गॅस बंद ठेवण्यात आला आहे. कृपया घरातल्या मोठ्या माणसाला बोलवा."

घरातलं सर्वांत मोठं माणूस वैजयंतीबाईच होत्या. दुसरं माणूसच नव्हतं.

बाई म्हणजे निवृत्त पी.टी. शिक्षिका. मुलींच्या शाळेत नोकरीची सगळी वर्षं त्यांनी शिट्टी वाजवण्यात घालवली होती आणि गावातली पस्तिशी ओलांडलेली अर्धीअधिक बायकामंडळी कधी ना कधी त्यांच्या शिट्टीवर मैदानाला फेरी मारून आली होती. सत्तरी झाली तरी पाण्याच्या टाकीखालच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रात सकाळचा व्यायाम त्याच घेत. जी पुरुषमंडळी केंद्रात निव्वळ पेपर वाचायला यायची, त्यांनाही बाई वाकून अंगठे धरायला लावत. अंगठे लांब राहिले तर निदान गुडघे तरी.

अशा बाईला चालता येत नाही, असं तिच्या चपलेने नगरपालिकेला कळवलं होतं.

त्या बिनचहाच्या तशाच तणतणत केंद्रात गेल्या.

चपलेचं प्रकरण गेल्या गणपतीतलं. 'पाऊलखूण' नावाची योजना आली आणि गावातल्या प्रत्येक ज्येष्ठाला एक जोड फुकट मिळाला. पुरुषांना काळा, बायकांना डाळिंबी. वाटपाचा समारंभ इतका लांबला, की दोघा-तिघांना चप्पल मिळायच्या आधीच डुलकी लागली. चप्पल मात्र झकास होती. तिच्या तळव्यात एक पातळ पापुद्रा बसवलेला होता. त्याच्यावर पाय दाबला की किंचितशी वीज निघायची, आणि त्याच विजेवर चप्पल आपली खबर वर पाठवायची. म्हणजे स्वतःबद्दलच्या चहाडीला लागणारी वीजही चालणाऱ्यानेच पुरवायची. इतकी काटकसरीची योजना नगरपालिकेने पूर्वी केली नव्हती.

केंद्रात निनाद चौगुले हा पाऊलखूण समन्वयक बसला होता. वय सत्तावीस, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा.

"या आजी. बसा."

"आजी नको, बाई म्हण. तुझ्या आईला मी लंगडी शिकवलीय."

"बाई, घाबरू नका. लाल म्हणजे काही शिक्षा नाही."

"मग चहा का नाही?"

निनादने टॅबलेट पुढे केला. त्यावर एक रेघ होती. बराच वेळ ती तळ्यासारखी शांत होती आणि मग एकाएकी तिला कापरं भरलं होतं.

विज्ञान तसं साधं होतं आणि खोटंही नव्हतं. माणूस पायांनी चालतो हा पायांचा गैरसमज आहे. पाऊल कधी उचलायचं, कुठे टेकायचं, तोल किती सावरायचा, हे सगळं मेंदू ठरवतो, आणि तेही आपल्याला न विचारता. निरोगी माणसाची पावलं लंबकासारखी पडतात. दोन पावलांमधला वेळ किंचित कमीजास्त होतो, पण किंचितच. मेंदूच्या आतले धागे झिजायला लागले, की हे कमीजास्त वाढतं. एक पाऊल लवकर पडतं, एक उशिरा. वळताना दोन पावलांचं काम पाच पावलांना सांगावं लागतं. बोलत बोलत चालायचं म्हटलं तर एक तर चालणं अडखळतं, नाही तर बोलणं. माणूस नावं विसरायला लागतो, दूध उतू घालवतो, त्याच्या कितीतरी वर्षं आधी ही गळती पावलांतून सुरू झालेली असते. ती त्याला कळत नाही, घरच्यांना कळत नाही, डॉक्टरांनाही कळत नाही. चपलेला कळते.

"पहिले तीन महिने चप्पल नुसती तुमची ओळख करून घेते," निनाद म्हणाला. "मग रोजची पावलं त्या ओळखीशी ताडून पाहते. तुमची डिसेंबरपर्यंत काय सुंदर होती, बाई! संक्रांतीनंतर घसरली. एवढी घसरण व्हायला लोकांना दोन-तीन वर्षं लागतात. तुमची आठवड्यात झाली."

"मग तुझ्या यंत्राला शंका नाही आली?"

"आली ना. दोन महिने खात्री करून घेतली आणि मग पिवळ्यात न थांबता थेट लाल."

त्या दिवसापासून बाईंना व्यायाम घ्यायला बंदी झाली. त्यांच्या जागी पडद्यावरची एक मुलगी व्यायाम घेऊ लागली. ती सगळ्यांना 'सुपर!' म्हणायची, अंगठे धरणाऱ्यालाही आणि झोपलेल्यालाही. बाईंची रवानगी खुर्ची गटात झाली. खुर्ची गटात बसल्या बसल्या टाळ्या वाजवायच्या असतात. घरी गोळ्यांचं पाकीट आलं. पावलं मोजून गोळीची मात्रा ठरवली होती म्हणे. बाईंनी ते न फोडता फडताळात, रव्याच्या डब्यामागे, फेकलं.

आणि त्याच आठवड्यात मंदाला 'चिरपावली' पुरस्कार मिळाला.

मंदा म्हणजे मंदाकिनी रोकडे. पोस्टातून निवृत्त, बाईंच्या घरापासून चार घरं सोडून राहणारी, आणि एरवी दहा पावलं चालली की 'बस ना गं जरा' म्हणणारी. संक्रांतीनंतर तिच्या पावलांमध्ये जी सुधारणा झाली, तशी यंत्राने जिल्ह्यात पाहिली नव्हती. वॉर्डातल्या नगरसेवकांनी शाल घातली आणि रहस्य विचारलं. मंदा बराच वेळ माइककडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मेथीचे लाडू." दुसऱ्या दिवशी बाजारात मेथ्या मिळेनाशा झाल्या.

बाईंनी खुर्चीवरून टाळ्या वाजवल्या. त्यांना आता त्याचा सराव होता.

बाईंचा मुलगा केदार पुण्यात. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला बरं पडलं असतं. तो रोज फोन करायचा, आणि लाल झाल्यापासून दिवसातून तीनदा. लाल माणसाने एकटं राहायचं नाही असा नियम होता. त्याने 'सावली निवास' नावाच्या ठिकाणी जागा पाहून ठेवली होती. येत्या रविवारी तो निनादला घेऊन येणार होता, सही होणार होती, आणि घराला कुलूप.

"आई, तिथे बाग आहे. चालायचा ट्रॅक आहे."

"लाल माणसांना चालू देतात?"

"बघू देतात. हिरवी माणसं चालतात."

बाईंना रात्री झोप लागेना आणि दिवसा बसवेना. त्या गॅलरीत एका पायावर उभ्या राहून पाहायच्या. डोळे मिटून. मग दुसऱ्या पायावर. पाय आज्ञेत होते. पण ज्याचं डोकं जातं त्याला सगळ्यांत शेवटी कळतं, असं निनाद म्हणाला होता. मग आपल्याला आपण ठीक वाटतो, हाच पुरावा आपल्याविरुद्ध की काय? ह्या विचारापाशी आल्या की त्या पायांत चप्पल सरकवून दाराबाहेर फेऱ्या मारायला लागत, आणि आपल्या फेऱ्या कुणी मोजतंय हे आठवलं की थांबत.

गुरुवारी संध्याकाळी केदारचा फोन आला तेव्हा त्या पलंगावर मांडी घालून भडंग खात होत्या.

"आई, कुठे आहेस?"

"घरी."

"आई, प्लीज. मला नकाशावर दिसतंय सगळं. तू दत्त चौकात आहेस."

"मी पलंगावर आहे, केदार. हवं तर भडंगाचा आवाज ऐकवते."

"अगं, पाऊण तास तू त्या चौकाला फेऱ्या मारतेयस! अत्तारांच्या दुकानापर्यंत जातेस, परत येतेस, पुन्हा तिथेच जातेस. आई, तुला... तुला घर सापडत नाहीये का?"

त्याचा आवाज शेवटी चिरकला. बाईंनी भडंगाची वाटी खाली ठेवली आणि आपल्या पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी होते. डाळिंबी चप्पल दाराशी होती, दुपारी काढून ठेवली तशीच.

मग दत्त चौकात कोण चालत होतं?

विरंगुळा केंद्राच्या सभागृहात दत्ताची तसबीर आहे, शारदेची आहे, आणि केंद्राला जागा देणाऱ्या शेटजींचीही आहे. तिथे चप्पल घालून कुणी जात नाही. चप्पल बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर बंद बुटांच्या देशात शिकून आलेले असावेत. माणूस आणि त्याची चप्पल दिवसातून चार वेळा एकमेकांपासून फारकत घेतात, हे त्यांनी धरलंच नव्हतं. सुरुवातीला बायकांनी ओळखीसाठी चपलांना दोरे बांधले, पिना टोचल्या, नखपॉलिशचे ठिपके दिले. त्यावर पत्रक निघालं: खुणा केल्यास मोजमापात अडथळा येतो, सबब काढून टाकाव्यात. बायकांनी निमूटपणे काढल्या. त्यानंतर आलं संक्रांतीचं हळदीकुंकू. दाराशी डाळिंबी चपलांचा एकच एक ढीग, आणि वाण घेऊन निघायची घाई. मंदा आणि बाई एकाच वेळी बाहेर पडल्या होत्या, गप्पा मारत. ज्याचा पाय ज्यात गेला त्यात गेला.

यंत्राला दोन बायकांची चाल एका रात्रीत बदललेली दिसली होती. चप्पल बदलली असेल हे त्याला सुचलं नाही. एकीचा मेंदू नासला आणि दुसरीचा तरुण झाला, हे मात्र सुचलं.

म्हणजे आपण ठणठणीत आहोत! बाई उठून उभ्याच राहिल्या. खोलीत दोन उड्या माराव्यात असं त्यांना वाटलं.

आणि मग त्यांना केदारचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. घर सापडत नाहीये का?

"ठेव फोन," त्या म्हणाल्या आणि धावत सुटल्या.

मंदा चौकात अत्तारांच्या दुकानासमोर उभी होती. तिच्या हाताला तिची नात ओवी, पाठीवर दप्तर, मोजे उतरलेले.

"वैजू! तू कशी इकडे?" मंदा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते मैत्रीण भेटल्याचं नव्हतं, सुटका झाल्याचं होतं.

"आज्जी रस्ता शोधतेय," ओवीने माहिती पुरवली. "आम्ही सारख्या इथेच येतोय."

"गप गं. मी दोरा घ्यायला आले होते."

"मग घेतला का नाहीस?"

बाईंनी दोघींना पलीकडच्या रसवंतीत नेलं. ओवीला मोठा ग्लास देऊन घुंगरांच्या चरकाजवळच्या बाकावर बसवलं आणि मंदाला कोपऱ्यात घेतलं.

"मंदे, तुझ्या पायातली चप्पल..."

"माहितीय मला." मंदाने मान खाली घातली. "तुझी आहे."

बाईंनी आपला ग्लास बाजूला सारला. "कधीपासून माहितीय?"

"हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवसापासून. तुझा अंगठा रुततो, वैजू. खळगा पडलाय तिथे. माझा पाय त्यात बसतच नाही."

"चार घरं! चार घरं सोडून राहते मी! आणून द्यायला काय धाड भरली होती?"

"येतच होते. तेवढ्यात फोनवर हिरवं आलं." मंदा ग्लासातल्या बर्फाशी खेळत राहिली. "मी पिवळी होते आधी. तुला बोलले नव्हते. पिवळ्या आजीच्या हातात शाळा मूल देत नाही, फाटकावरूनच परत पाठवतात. ओवीच्या मैत्रिणींसमोर. हिरवं आलं त्या दिवशी स्नेहल म्हणाली, आई, उद्यापासून ओवीला तुम्हीच आणाल का? किती दिवसांनी सुनेने काहीतरी काम सांगितलं गं मला. नाही तर, आई तुम्ही बसा. आई तुम्ही राहू द्या. बसून बसून मला मुळं फुटायची वेळ आली होती."

"आणि मी? माझा गॅस बंद. मी तिकडे टाळ्या वाजवतेय. रविवारी केदार मला नेतोय, घराला कुलूप लागतंय!"

"मला वाटलं, वैजू काय, तगेल. तू तगतेसच."

"वा! म्हणजे तगणाऱ्याने तगत राहायचं आणि तू शाली घे. मेथीचे लाडू म्हणे!"

"ते आयत्या वेळी सुचलं," मंदा म्हणाली, आणि इतक्या रागातही बाईंना हसू फुटणार होतं, ते त्यांनी गिळलं.

"तुझं घर तुझ्या नावावर आहे," मंदा हळू आवाजात म्हणाली. "आमच्या दोन खोल्या. लाल माणसाला वेगळी खोली हवी असा नियम. मी लाल झाले तर मला तरी तिकडे पाठवा, नाही तर महेश-स्नेहलने जिन्यात झोपावं. एप्रिलपर्यंत थांब, वैजू. ओवीची शाळा संपेपर्यंत. मग मी स्वतः सांगते."

"पाऊण तास पोर रस्त्यावर होती, मंदे."

मंदाने बाहेर बघत, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "अत्तारांचं दुकान आधी त्या कोपऱ्यावर होतं ना?"

अत्तारांचं दुकान होतं तिथेच होतं. बाईंचं लग्न झालं तेव्हाचा चुडा त्यांनी तिथेच भरला होता.

घरी जाताना बाई मुद्दाम दोन पावलं मागे राहिल्या. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे पाय पाहिले होते. पायांच्या बाबतीत त्यांना फसवणं शक्य नव्हतं. मंदाचं डावं पाऊल उशिरा पडत होतं. गल्लीच्या तोंडाशी वळताना तिने बारीक बारीक सहा पावलं टाकली, काठावर चालणाऱ्यासारखी. ओवी काही विचारायची तेव्हा मंदा आधी थांबायची आणि मग उत्तर द्यायची. हे सगळं बाईंनी दिवाळीतही पाहिलं होतं. 'म्हातारी झालीस गं' म्हणून चिडवलं होतं. मंदाही हसली होती. दुसऱ्या कुणाचं असतं तर बाईंनी तेव्हाच ओळखलं असतं.

शुक्रवारी त्या निनादपुढे जाऊन बसल्या.

"समजा," त्या म्हणाल्या, "समजा हं, कुणाच्या चपला बदलल्या असल्या तर?"

निनादने समजूतदारपणे मान हलवली. इतक्या समजूतदारपणे की बाईंना शिट्टी आठवली. "बाई, लाल गटात हे फार कॉमन आहे. माझी चप्पल बदललीय, माझा फोन बदललाय, माझा मुलगा बदललाय. आजाराचाच भाग आहे तो."

"पण खरंच बदलली असली तर?"

"तर सोपं आहे. दोघींनी यायचं, आपापली चप्पल घालायची, माझ्यासमोर चालून दाखवायचं. पाच मिनिटांत खाती अदलाबदल. कोण आहे दुसरी?"

पाच मिनिटं. जिभेच्या टोकावर नाव आलं होतं. मं, आणि पुढचं. बाईंनी पदराने ओठ टिपले.

"समजा म्हटलं ना मी. लाल माणसाला घरी राहायचा दुसरा काहीच मार्ग नाही का?"

"आहे की. हिरवा साथीदार. शेजारपाजारचं हिरव्या गटातलं कुणीतरी, ज्याने बाहेर जाताना सोबत करायची, गॅस त्याच्या अंगठ्याने सुरू करायचा. पण कुणी तयार होत नाही. केदारसरांचं सगळ्यांना विचारून झालं. हिरव्यांना त्यांच्या सहली असतात."

शनिवार बाईंनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. चारदा त्या मंदाच्या दारापर्यंत गेल्या आणि चारदा वळल्या. खरं सांगितलं तर आपण सुटू. आपला गॅस, आपली शिट्टी, आपलं घर. मंदावर उपचार होतील, ओवी रस्त्यावर हरवणार नाही. म्हणजे खरं सांगणं हे सगळ्यांच्या भल्याचंच होतं. फक्त मंदाला ते भलं 'सावली निवास'च्या खिडकीतून बघावं लागणार होतं. इतकी बरोबर असलेली गोष्ट करायला आपलं पाऊल का उचलत नाही, हे बाईंना कळेना.

रविवारी दुपारी केदार आला. मिठी मारली, डोळे पुसले, रिकाम्या बॅगा आत आणल्या. पाठोपाठ निनाद आला. टॅबलेट टेबलावर मांडला गेला.

"इथे अंगठा, बाई."

एवढ्यात दार ढकलून मंदा आली. हातात कापडी पिशवी, आणि पाय अनवाणी. चपलेने रस्त्यात काही सांगू नये म्हणून ती चार घरांचं अंतर तापलेल्या फरशांवरून तशीच आली होती. बाईंना लगेच समजलं. ही कबूल करायला आली होती.

"केदार, बाळा, मला तुला एक सांगायचंय," मंदा म्हणाली. "ह्या पिशवीत..."

"लाडू आहेत!" बाई ताडकन म्हणाल्या. पुढे होऊन त्यांनी पिशवी काढून घेतली आणि मंदाचं मनगट घट्ट धरलं. "मेथीचे. आणि ती साथीदार व्हायला आलीय माझी. कालच आमचं ठरलं. सांगायला लाजतेय."

"वैजू, नाही..."

"तुझ्या सहलीचं मी बघते. तू बोलू नकोस." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, की पूर्वी त्या नजरेला सबंध नववी 'ब' सावधानमध्ये उभी राहायची. मंदाही राहिली.

निनादने टॅबलेटवर बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मंदाकिनी रोकडे! अहो, ह्या तर आपल्या चिरपावली! सर, ह्यांच्यासारखा साथीदार सावली निवासातसुद्धा मिळायचा नाही. पत्ता चार घरांवर. स्थिती हिरवी, अतिउत्तम." तो मंदाकडे वळला. "आजी, तुमची तयारी आहे ना? जबाबदारी आहे ही."

मंदाने बाईंकडे पाहिलं. मनगटावरची पकड सैल झाली नव्हती.

"हो," ती म्हणाली.

तिने अंगठा टेकवला. लगेच भिंतीतल्या लाघवी आवाजाने तिचं स्वागत केलं आणि ओट्यावरची शेगडी तिच्या स्वाधीन केली. घरी दोनदा दूध जाळून झालेल्या मंदाकडे यंत्राने गॅस सोपवला, आणि एका पायावर डोळे मिटून उभ्या राहणाऱ्या बाईंना त्यापासून लांब राहायला सांगितलं.

केदार मंदाच्या पाया पडला. "मावशी, तुमच्यावर सोपवतोय हिला. एकटीला रस्ता ओलांडू देऊ नका."

"नाही देणार," मंदा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. केदारला वाटलं, किती माया आहे.

रिकाम्या बॅगा रिकाम्याच परत गेल्या. गाडीचा आवाज गल्लीबाहेर गेल्यावर मंदा मटकन खुर्चीत बसली.

"काय केलंस हे, वैजू?"

"सांगते. ऐक." बाई खोलीत फेऱ्या मारायला लागल्या, बसणं त्यांना जमलंच नसतं. त्यांनी फडताळातून गोळ्यांचं पाकीट काढून मंदाच्या मांडीवर टाकलं. "ह्या तुझ्या. तुझ्याच पावलांवरून मात्रा काढलीय. नावापुरत्या माझ्या. उद्यापासून ओवीला आणायला दोघी जायचं. कागदावर तू मला सांभाळायचंस. रस्त्यावर मी तुला. एकटी उंबरा ओलांडलास तर तंगडी मोडीन. आणि स्नेहलला सांगायचं. मी नाही, तू. आज नाही, पण सांगायचं."

"आणि तुझा व्यायामाचा वर्ग?"

"टाळ्या वाजवते. खांदे सुटतात त्याने."

मंदाने पाकीट उलटंसुलटं केलं. "वैजू, हे बरं होणारं दुखणं नाही. मी बिघडत जाणार."

"माहितीय."

"म्हणजे यंत्राला वाटणार, तू बिघडतेयस. एक दिवस लालच्या पलीकडचं काहीतरी लागेल. मग साथीदारबिथीदार चालणार नाही. गाडी येईल आणि तुला नेतील. धडधाकट तुला."

"नेऊ देत."

"मग मला कोण रस्ता दाखवणार?"

आदल्या दिवशी चार वेळा बाई ज्या दारावरून परतल्या होत्या, त्याच्या आत हाच प्रश्न बसलेला असावा. त्या खिडकीपाशी गेल्या, तिथून ओट्यापाशी, तिथून पुन्हा खिडकीपाशी. मग एकदम घड्याळाकडे पाहून त्यांनी पदर खोचला, पिशवीतली चप्पल काढून मंदाच्या पायाशी ठेवली आणि स्वतः दुसऱ्या जोडात पाय सरकवला.

"चल, ऊठ ऊठ. बोलत काय बसलोय! ओवीची शाळा सुटेल, पोर फाटकाशी ताटकळेल."

मंदा उठली नाही. ती बराच वेळ बाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, चौकात उभं राहून ओळखीचं दुकान शोधावं तशी.

"वैजू," ती हलकेच म्हणाली, "आज रविवार आहे गं."